पेटीतला बत्ता

लाटालहरी जलविहार केंद्रात लाटा कधीच नव्हत्या. लहरी होत्या, पण त्या सगळ्या मालक भिलारे अण्णांच्या. कोयनेच्या जलाशयाचा एक फाटा डोंगरात शिरून निवळी गावापाशी थकून थांबतो, तिथे हे केंद्र होतं. विजेवरच्या तीन होड्या, पायाने चालवायचं एक प्लास्टिकचं बदक, आणि होड्यांच्या दुरुस्तीच्या पेट्या भरायला उन्मेष उतेकर.

हेच काम आधी उन्मेषचे वडील, बापू, करायचे. त्यांची पेटी म्हणजे दोघांनी उचलायची लोखंडी ट्रंक. तिच्यात पाने, पकडी, हातोड्या, छिन्न्या, तार, सुतळी, रबरी कडी आणि एक विळा असायचा. विळा कशासाठी, हे बापूंनाही सांगता यायचं नाही, पण तो काढला की त्यांना करमत नसे.

मग जलाशयावर पेट्रोलच्या होड्यांना बंदी आली. नव्या होड्या विजेच्या, अंगाने पापडाएवढ्या पातळ. एकेक किलो वजन बॅटरी खायचं. ट्रंक गेली आणि बहुरूपी आला.

बहुरूपी म्हणजे धातूच्या दाण्यांचा एक दांडा. दाणे मोहरीपेक्षा बारीक, आणि प्रत्येकाच्या पोटात केसाहून बारीक तारेचं वेटोळं. वीज सोडली की प्रत्येक दाण्याला हुकूम मिळतो, शेजाऱ्यांपैकी कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं. दाणे एकमेकांवरून घसरत जागा बदलतात, आणि हव्या त्या आकारात आले की चुंबकाने घट्ट बसतात. मग तो दांडा पोलादालाही हार जात नाही. "बारा नंबर पाना" म्हटलं की पाना. "पक्कड" म्हटलं की पक्कड. तुटलेल्या भागाच्या जागी बसायचं असेल तर खिळा, नट, कडं, काहीही. चाळीस आकार त्याला पाठ होते. शाळेत उन्मेषला पाढे इतके पाठ नव्हते.

एकच अडचण होती आणि ती पहिल्या आठवड्यातच कळली. बहुरूपी नट झाला, तर तो नट आवळायला पाना कोण होणार? म्हणून प्रत्येक होडीत दोन बहुरूपी असायचे. एकाने मोडलेला भाग व्हायचं, दुसऱ्याने हत्यार. सगळे त्यांना जोडी म्हणायचे. पेटीत दोन खाचा होत्या. खाच वजन बघायची, धातू आहे की नाही ते तपासायची, आणि दोन्ही खाचा भरल्या की हिरवा दिवा लावून एका बाईच्या आवाजात म्हणायची, "पेटी सुसज्ज आहे. आपला प्रवास सुखाचा होवो." तोच हिरवा दिवा अण्णांच्या मोबाइलवरही लागायचा. अण्णा त्यानंतर नाश्ता करायचे.

ट्रंक भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवताना उन्मेषने एक गोष्ट केली होती. बापूंचा सगळ्यात मोठा पाना त्याने मोजणीच्या यंत्राखाली ठेवला आणि त्याचा आकार बहुरूपीला शिकवला. एक्केचाळिसावा आकार. नाव दिलं, "बापूंचा पाना". दांड्यावर बापूंनी कानशीने पाडलेली एक खूण होती, ती सुद्धा उतरली.

*

बापू गेल्यावर खंडेनवमीला आई मुकी व्हायची. दरवर्षी या दिवशी बापू पाने घरी आणायचे. आई ते रॉकेलने पुसायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायची, झेंडूची माळ घालायची. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही. दसऱ्याला उचलायचं. बापू वर्षातला तेवढा एक दिवस घरात मोकळ्या हाताने बसायचे आणि दर घटकेला उठून पाने जागेवर आहेत का बघायचे.

यंदा अष्टमीला अण्णांनी जाहीर केलं, "उद्या होड्या पूजेला. एकपण होडी पाण्यात जाणार न्हाई."

दोन पेट्यांतल्या जोड्या सुट्टीचं निमित्त साधून कंपनीकडे तपासणीला गेल्या होत्या, आणि राहिलेल्या एका पेटीला उद्या काही काम नव्हतं. उन्मेषने जोडीतला एक बहुरूपी घरी न्यायचं ठरवलं. फक्त रिकाम्या खाचेने दिवा लाल केला असता, आणि अण्णांचा नाश्ता राहिला असता. तेव्हा त्याने घरून खलबत्त्यातला पितळी बत्ता आणला. बत्ता खाचेत बसला. वजन जरासं कमी पडलं, तर त्याने तोंडातलं च्युइंगगम काढून बत्त्याच्या बुडाला चिकटवलं.

"पेटी सुसज्ज आहे," बाई म्हणाली.

उन्मेष इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं. असा विनोद कुणाला सांगता येत नाही, हेच एक दुःख. त्यातल्या त्यात शलाका शेलारला सांगता आला असता. ती होडी चालवायची, आणि त्याच्या दहातल्या एका विनोदाला हसायची. पण ती नियमाची मुलगी. बदकात बसतानासुद्धा लाइफ जॅकेट घालायची.

नवमीच्या सकाळी उन्मेषने देवापुढे दांडा ठेवला आणि हळूच म्हटलं, "बापूंचा पाना."

दाणे सरसरले. पाटावर पाना पडला होता.

आईने तो उचलला. अंगठा दांड्यावरून फिरवत नेला आणि खुणेपाशी थांबवला. मग तिने पदराने पाना पुसला, जो पुसायची काही गरज नव्हती, आणि हळद पाण्यात कालवायला घेतली.

"हा घरी आणल्याला चालतो का रं?"

"सुट्टी आहे आज. चालतो."

तिने हळदीचे ओले पट्टे ओढले. त्यावर कुंकू. अक्षता. त्यावर पुन्हा थोडं कुंकू, तीन-चार वर्षांचं राहिलेलं. उन्मेषला बरं वाटलं. आपण माणूस म्हणून वाईट नाही, असं वाटायला त्याला तेवढं पुरे होतं.

बहुरूपीच्या सोबत कंपनीची पुस्तिका आली होती. धूळ, तेल, मीठ आणि वाळू यांपासून दूर ठेवा, असं तिच्यात ठळक छापलं होतं. कारण दाण्याला दाणा नागडा भिडावा लागतो. हळदकुंकवाबद्दल पुस्तिकेत काही नव्हतं. लिहिणाऱ्याच्या घरी खंडेनवमी नसावी.

"बरं, बत्ता बघितलास का?" आई स्वयंपाकघरातनं ओरडली. "सकाळपास्नं शोधतीया. पुरणाला वेलदोडं कुटायचंत."

"नाही गं."

"वत्सलीनं नेला आसंल. न्हेती आन् इसरती. बघतेच तिला."

पाच मिनिटांनी भिंतीपलीकडून वत्सलाकाकूंचा आवाज आला. मग आईचा. मग दोघींचा एकदम. उन्मेषने चहाचा कप तोंडाला लावला आणि तो रिकामा असूनही बराच वेळ पीत राहिला.

*

दुपारी तो केंद्रावर गेला तेव्हा तीनही होड्यांच्या बॅटऱ्या काढून कचेरीत देवीच्या फोटोपुढे ओळीने मांडलेल्या होत्या. बदकाच्या चोचीत झेंडूची माळ अडकवली होती. बदक फार समजूतदार दिसत होतं.

पण धक्क्यावर अण्णा उभे, आणि शलाका एका होडीत बॅटरी परत बसवत होती.

"अण्णा, आज होड्या पूजेला ना?"

"व्हय. पर बायका आल्यात ओटी भरायला. पलीकडं जननीच्या देवळात सोडायचं. देवीचं काम हे काम न्हवं." अण्णांच्या लहरी अशा शास्त्रशुद्ध असायच्या.

पाच बायका होत्या. नारळ, खण, तांदूळ, फुलवातींचा डबा. पाचवी उन्मेषची आई.

"आई, तू? तुला पाण्याची भीती वाटते ना?"

"वाटती की. पर यंदा जायाचंच. बापूचा पाना घरात आला, देवीला सांगाया नको?"

शलाकाने पेटीचं झाकण लावलं. हिरवा दिवा. "पेटी सुसज्ज आहे. आपला प्रवास सुखाचा होवो."

हीच वेळ होती. उन्मेषला ते तेव्हाच कळलं, नंतर नाही. घर पाच मिनिटांवर. "थांब शलाके, एक बहुरूपी घरी आहे," इतकंच म्हणायचं. पण अण्णा शेजारी उभे होते. आई एका हाताने होडीची कड आणि दुसऱ्या हाताने देवीचा नारळ धरून बसली होती. पाना पाटावरून आज उचलला, तर तिच्या तोंडावर काय येईल ते त्याला दिसत होतं. आणि जोडीतला दुसरा बहुरूपी आजवर लागला कधी? वर्षातून एकदा. तोही कुणाची बाटली उघडायला.

"काय रे उन्म्या, असा उभा काय?" शलाका म्हणाली. "काही राहिलं का?"

"राहिलंय ना. 'प्रवास सुखाचा होवो' झालं, 'आत्म्याला शांती लाभो' म्हणायचं राहिलं."

बायका हसल्या. आई पण हसली. शलाकाने दोर सोडला.

*

धरण भरलं तेव्हा इथली झाडं उभीच्या उभी पाण्यात गेली होती. बहुतेकांचे खुंट खोल असतात. एक नव्हता.

कचेरीतला वायरलेस खरखरला. "उन्मेष? शलाका बोलतेय. पंखा खुंटावर आदळलाय. पंख्याचा दांडा जिथनं बाहेर जातो तिथला नट फुटला. पाणी आत येतंय."

अण्णा खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

"पंप लाव," उन्मेष म्हणाला.

"लावलाय. येतंय जास्त, जातंय कमी. एक बहुरूपी नट करून बसवलाय, हाताने फिरतो तेवढा फिरवलाय. आता दुसरा पाना म्हणून..." मधेच ती थांबली. "उन्मेष, हा दुसरा ऐकत नाहीये. आणि हा बत्त्यासारखा का दिसतोय?"

उन्मेषने बटण दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

"कारण तो बत्ता आहे."

पाण्यावरून नुसती खरखर आली. मग लांबून आईचा आवाज. "आगं बाई! हा माझाच की! हिकडं कसा आला?" आणि जरा वेळाने, "ह्याला खाली कुणी चिकटवलंय हे?"

"बहुरूपी कुठाय, उन्मेष?" शलाकाचा आवाज अगदी शांत होता. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"घरी. देवापुढे."

"बरं," ती म्हणाली, आणि वायरलेस बंद झाला.

लाइफ जॅकेट सगळ्यांना होती. जॅकेट माणसाला तरंगत ठेवतं, हे उन्मेष पर्यटकांना रोज सांगायचा. आई मात्र त्याच्या डोळ्यांपुढे तरंगत नव्हती. ती एका हाताने कड धरून बसली होती आणि घोट्यापर्यंत आलेल्या पाण्याकडे बघत होती, आणि दुसऱ्या हातात बत्ता होता.

तो घरी धावला. पाटावरचा पाना माळेसकट उचलला. धावत परत आला. उरलेल्या दोन होड्यांना बॅटरी बसवून, यंत्रणा जागी करून निघायला अर्धा तास गेला असता. अण्णा ते करायला लागलेच होते. उन्मेष थांबू शकला नाही. त्याने बदक सोडलं.

अशा प्रसंगी माणसाने वाऱ्यासारखं जावं. बदक तसं जात नाही. ते कितीही जोरात पाय मारले तरी सहलीला निघाल्यासारखंच डुलत जातं, आणि दर चार पावलांना डावीकडे वळतं. चोचीतली माळ वाऱ्यावर हलत होती. उन्मेष पाय मारत होता, आणि एका हातातल्या पान्याला सांगत होता, "बारा नंबर पाना. बारा नंबर. पक्कड. हातोडी. काहीतरी हो रे, काहीतरी हो!"

पाना किंचित सरसरला. दाण्यांनी एकमेकांना सोडायचा प्रयत्न केला. मध्ये हळद वाळून बसली होती, तिच्यावर कुंकू. जबड्याचं टोक जरासं वाकलं, परत आलं, आणि सगळं थांबलं. चाळीस आकार पाठ असलेला बहुरूपी आता बापूंचा पाना होता आणि बापूंचा पानाच राहणार होता.

उन्मेष रडत होता आणि पायही मारत होता. दोन्ही एकदम करताना माणूस किती हास्यास्पद दिसत असेल, असा विचार त्याच्या मनात आला. त्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने आणखी जोरात पाय मारले. बदक डावीकडे वळलं.

*

वळणाच्या पलीकडून होडी समोर आली. पाण्यात खोल बसली होती, पण चालत होती. पंखा धापा टाकत फिरत होता. चार बायका ताटल्यांनी पाणी उपसत होत्या. आई मागे, पंख्याच्या दांड्यापाशी गुडघ्यावर बसली होती, आणि हातात बत्ता होता.

शलाकाने होडी बदकाच्या शेजारी आणली.

"काय केलंत?" उन्मेषने विचारलं.

"फुलवाती," शलाका म्हणाली. "तुपातल्या. नटाच्या मागच्या फटीत भरल्या आणि बत्त्याने ठोकून ठोकून बसवल्या. मग नटाच्या कोपऱ्यावर बत्ता मारून नट फिरवला. थोडं थोडं."

मग तिने हात पुढे केला. मदतीसाठी नव्हे, एका बाईकडून पाणी उपसायची ताटली घ्यायला. उन्मेषला तिचा तळवा दिसला. हाताने नट आवळायच्या नादात कातडी सोलून निघाली होती. वर तूप आणि रक्त.

त्याने पाना पुढे केला. काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. "आणलाय."

आईने मान वर केली. लुगडं भिजलेलं, केस सुटलेले. "आरं! आजच उचललास? उद्या उचलायचा आसतो न्हवं!"

शलाका त्याच्याकडे बघत होती. काहीतरी खूप मोठं बोलेल, असं त्याला वाटलं. ते त्याला हवंही होतं.

"बदक आधी बाजूला घे," ती म्हणाली.

*

दसऱ्याला सकाळी केंद्रावर नारळ फोडला. सगळं गाव आपट्याची पानं घेऊन आलं होतं. अण्णा खुर्चीवर उभे राहिले.

"बाकीच्यांच्या पेटीत काय आसतं? मशीन! आपल्या उन्मेषनं मशीनच्या जोडीला काय ठिवलं? बत्ता! बापाचं डोकं हाय पोराला. आजपास्नं लाटालहरीच्या प्रत्येक पेटीत एक बत्ता!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी उन्मेषच्या गळ्यात माळ घातली. ती पान्यावरच्या माळेसारखीच झेंडूची होती.

"अण्णा, तसं नाही," उन्मेष म्हणाला. "जोडीतला बहुरूपी मी घरी नेला होता. खाच रिकामी दिसू नये म्हणून बत्ता घातला. वजन कमी पडलं तर च्युइंगगम चिकटवलं. यंत्राला फसवलं मी. धक्क्यावर मला माहीत होतं, तरी बोललो नाही."

"च्युइंगगम!" म्हणत अण्णा जे हसायला लागले, ते खुर्चीवरून उतरेपर्यंत हसत होते. सगळे हसले. "आत्म्याला शांती" म्हणून कालच्या बायकांपैकी एकीने आठवण करून दिली, आणि हसणं पुन्हा सुरू झालं. उन्मेषने आणखी दोनदा सांगून बघितलं. प्रत्येक वेळी लोक जास्त हसले. इतकी वर्षं तो सरळ चेहऱ्याने विनोद करत आला होता. सरळ चेहऱ्याने दुसरं काही करायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती.

शलाका हसली नाही. तिच्या हातांना पट्ट्या होत्या. ती बोलली असती तर लोकांनी ऐकलं असतं. ती बोलली नाही.

एका माणसाला मात्र ते पटकन पटलं. घरी आईने बत्त्याचं च्युइंगगम सुरीने खरवडत विचारलं, "हे तुझं, व्हय ना?"

"हो."

"बापूचा पाना मला दिसावा म्हणून?"

त्याने मान हलवली.

ती बराच वेळ खरवडत राहिली. "मग निम्मं माझं," ती म्हणाली. "मीच इतकी खूश झाले, म्हणून तू बोलला न्हाईस." त्याला वाटलं होतं की ती मारेल. मारलं असतं तर बरं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. मग तिने त्याच्या हातात आपट्याची पानं कोंबली. "वत्सलीकडं जा. मी तिला नको नको ते बोलले. आधी पाया पड, मग सांग."

वत्सलाकाकूंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. त्यांना त्याचे विनोद कधीच कळले नव्हते. सोनं घेतलं, दार लावलं.

पाना देवापाशी राहिला. कंपनीने तो दोषपूर्ण माल म्हणून बदलून दिला असता, पण उन्मेषने तसं लिहून पाठवलं नाही. हळदकुंकू असंच लिहिलं. दुपारीच मोबाइलवर कंपनीकडून उत्तर आलं की ग्राहकाच्या विनोदबुद्धीचं आम्हाला कौतुक आहे.

संध्याकाळी धक्क्यावर त्याने शलाकाला गाठलं. "तू का नाही सांगितलंस? तुझं ऐकलं असतं त्यांनी."

तिने पट्टी बांधलेल्या हाताने दोर गुंडाळला. "तुला सांगून मोकळं व्हायचं होतं ना?"

"हो."

"म्हणूनच."

आठवड्याने अण्णांनी विकत मागवलेली नवी जोडी आली. उन्मेषने पेटी भरली: दोन बहुरूपी, आणि अण्णांच्या हुकमाने एक बत्ता. झाकण लावलं. हिरवा दिवा लागला. "पेटी सुसज्ज आहे," बाई म्हणाली.

शलाका होडीत चढली. तिने झाकण उघडलं. पहिला बहुरूपी उचलला, "पाना" म्हणाली, पाना झाला, परत ठेवला. दुसरा उचलला, "नट" म्हणाली, नट झाला, परत ठेवला. बत्ता उलटा करून त्याचं बूड बघितलं. मग उन्मेषकडे न बघता दोर सोडला.

तेव्हापासून ती रोज तसं करते. आणि उन्मेष तेवढा वेळ धक्क्यावर हात बांधून उभा राहतो. त्या वेळात त्याला एकही विनोद सुचत नाही.